वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटरला बॅटरी लावून आवाज सुधारतो का?

प्रश्न (मिरजहून) : सर नमस्कार. माझ्याकडे साधा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, 450 वॉटचा एसएमपीएस (म्हणजे आतला पॉवर सप्लाय), कॉम्प्युटरला यूएसबी डॅक (डिजिटल फाइलचा आवाजी सिग्नल करणारा डबा) आणि तिथून आरसीए केबलने जुना अॅम्प्लिफायर. वडिलांनी जमवलेल्या मैफलींच्या कॅसेट मी हळूहळू कॉम्प्युटरवर घेतल्यात आणि रोज रात्री ऐकतो. अडचण अशी की गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गात असेल तर मागचा तानपुरा मला उतरल्यासारखा वाटतो, आणि तीच फाइल मोबाइलला हेडफोन लावून ऐकली तर एकदम सुरात. गाणं नसतानाही बारीक हम, म्हणजे गुणगुण, येतो, माऊसचं चाक फिरवलं की किर्र असा आवाज येतो. एक मित्र म्हणाला की एसएमपीएसची वीज घाण असते, तो उघडून पिवळ्या वायरींना यूपीएसची बॅटरी जोड, आवाज काचेसारखा होईल. 12 व्होल्ट 7 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी घरात पडून आहे. जोडू का?

उत्तर : जोडू नका. आधी तेवढं सांगतो, मग बाकीचं सविस्तर बोलू, कारण तुमच्या पत्रातली तानपुऱ्याची गोष्ट वाचून मला राहवलं नाही.

बॅटरी अशी थेट जोडली तर काय होतं ते बघा. एसएमपीएसची पिवळी वायर 12 किंवा 12.1 व्होल्ट देते, पूर्ण चार्ज झालेली लेड अॅसिड बॅटरी नुसती ठेवली तरी 12.7 च्या आसपास असते, म्हणजे जोडल्या क्षणी बॅटरीच एसएमपीएसला वर ढकलायला लागते. स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये 12 आणि 5 व्होल्ट एकाच ट्रान्सफॉर्मरवरून एकत्र सांभाळलेले असतात, 12 वर गेलं असं कंट्रोलरला दिसलं की तो हात आखडता घेतो आणि मग तिकडे 5 व्होल्ट खाली बसतात. मशीन बंद केलं तरी बॅटरी मदरबोर्डला 12 व्होल्ट देतच राहते, 5 आणि 3.3 नाहीत आणि 12 आहेत अशा अवस्थेसाठी बोर्ड बनवलेला नसतो. आणि बॅटरीचंही भलं होत नाही, तिला भरलेली ठेवायला 13.5 ते 13.8 व्होल्ट लागतात, 12.1 वर बांधून ठेवली तर ती कायम अर्धी उतरलेली राहते आणि काही महिन्यांत प्लेटांवर सल्फेट जमून संपते. शिवाय एसएमपीएस उघडणं हा प्रकारच टाळा, 230 व्होल्ट एसी डायोडमधून गेलं की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी जमा होतं आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच बसून असतं.

आता तानपुरा. काळी एकचा सा म्हणजे साधारण 138.6 हर्ट्झ, त्याचा खालचा पंचम, म्हणजे पुरुषी तानपुऱ्याची पहिली तार, 104 हर्ट्झच्या जवळ येते. आपल्याकडची लाइन 50 हर्ट्झची, आणि पॉवर सप्लायमधून जो हम गळतो त्यात 50 च्या पटी असतात, 100, 150, 200. त्यातला 100 चा सूर तुमच्या पंचमाच्या जेमतेम चार हर्ट्झ खाली बसतो. अर्ध्या स्वरापेक्षा कमी अंतर, पण पंचम उतरलाय असं कानाला वाटायला पुरेसं, आणि दोन्ही सूर एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे येतात. कॅसेट बरोबर आहे, तुमचा कानही बरोबर आहे. गायक पांढरी चारमध्ये असेल तेव्हा हा त्रास तुम्हाला एवढा जाणवत नसणार, ते एकदा ऐकून बघा, कारण तसं असेल तर निदान पक्कं झालं म्हणून समजा.

मग हा 100 चा सूर येतो कुठून? मित्र म्हणतो तशी एसएमपीएसची वीज अगदी स्वच्छ नसते हे खरंच, एटीएक्सच्या, म्हणजे डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायच्या, नियमात 12 व्होल्टवर 120 मिलीव्होल्ट आणि 5 व्होल्टवर 50 मिलीव्होल्टपर्यंत रिपल, म्हणजे व्होल्टेजचा बारीक चढउतार, चालतो. पण तुमच्या डॅकच्या आत स्वतःचे रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) असतात, ते हा रिपल बराचसा गिळतात. खरी गडबड बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेने येते, जमिनीच्या म्हणजे ग्राउंडच्या वाटेने. एसएमपीएसमध्ये फेज आणि कॅबिनेटच्या मध्ये एक आणि न्यूट्रल आणि कॅबिनेटच्या मध्ये एक असे दोन छोटे कपॅसिटर मुद्दाम बसवलेले असतात, आतला कचरा अर्थिंगमधून निघून जावा म्हणून. आता भिंतीतल्या थ्री-पिनला अर्थिंगच नसेल तर हे दोन कपॅसिटर 230 चे दोन सारखे वाटे करतात आणि कॅबिनेट 115 व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. पावसाळ्यात अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या स्क्रूला बोटाची मागची बाजू लागली की झिणझिण्या येतात ना, त्या याच. करंट फार थोडा असतो, मिलीअँपचा काही दशांश, पण त्याला जमिनीत जायला वाट हवी असते आणि तुमच्या घरात त्याने यूएसबी केबल, डॅक, आरसीएची जाळी (केबलचं बाहेरचं तारेचं वेष्टन) आणि अॅम्प्लिफायर अशी वाट शोधलेली असू शकते. हिशोब करून बघा, 0.3 मिलीअँप करंट आणि केबलच्या जाळीचा 0.1 ओहम रेझिस्टन्स, झाले 30 मायक्रोव्होल्ट. 2 व्होल्ट आउटपुटच्या सीडी दर्जाच्या आवाजाचा स्वतःचा नॉइज साधारण 25 मायक्रोव्होल्ट असतो. म्हणजे एवढ्याशा गळतीनेही तुम्ही सीडीच्या शांततेच्या वर गेलात, आणि आरसीएचं टोक काळं पडून रेझिस्टन्स वाढला असेल तर मग विचारायलाच नको.

माऊसच्या किर्र आवाजाचंही तसंच. प्रोसेसर चालतो 1 व्होल्टच्या आसपास, ते 1 व्होल्ट मदरबोर्डवरच 12 मधून बनवले जातात, सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणाऱ्या स्विचांनी. माऊस हलवला की प्रोसेसर दचकून कामाला लागतो, करंट वरखाली होतो, ती खळबळ ग्राउंडमधून डॅककडे जाते. ही खळबळ पिवळ्या वायरच्या पुढे, बोर्डवर तयार होते, म्हणून मागे एसएमपीएसच्या जागी जगातली सर्वात शांत बॅटरी लावली तरी ती राहणारच. बॅटरीवाल्या मॉडिफिकेशनबद्दल माझं मत विचाराल तर ते इथेच येऊन थांबतं. बॅटरी उपयोगी पडते ती मुख्यतः भिंतीशी असलेलं नातं तुटतं म्हणून, तिच्यातली वीज काही वेगळी गोड असते म्हणून नाही.

तेव्हा एक रुपयाही खर्च न करता आधी हे करा. सगळं बंद करून अॅम्पच्या बाजूची आरसीए काढा, अॅम्प चालू करा, हम तरीही असेल तर दोष अॅम्पचा, त्याचे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले असतील, कॉम्प्युटरला बोल लावू नका. हम गेला तर कुणाचा तरी लॅपटॉप आणा, चार्जर न लावता नुसत्या बॅटरीवर चालवा आणि तोच डॅक त्याला जोडून तीच मैफल लावा. मित्र सांगतोय ते बॅटरीवरच्या कॉम्प्युटरचं सुख नेमकं कसं ऐकू येतं ते तुम्हाला फुकटात कळेल. तानपुरा सुरात आला तर प्रश्न भिंतीतल्या वाटेचा. मग लॅपटॉपला चार्जर लावून पुन्हा ऐका.

त्यानंतर वायरमनला बोलवा आणि सॉकेट तपासून घ्या. फेज आणि अर्थमध्ये 230 च्या जवळ दिसायला हवं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. जुन्या वाड्यांमध्ये आणि चाळींमध्ये तिसरी पिन नुसतीच शोभेला असते, मागे वायरच नसते, हे मी किती घरांत पाहिलंय त्याला गणती नाही. एक कळकळीची विनंती, वायरमन म्हणाला की अर्थिंग नाही ना, मग सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थ जोडून देतो, तर त्याला तिथेच थांबवा. कधी न्यूट्रल तुटला तर अख्खं कॅबिनेट फेजला येतं, आणि संध्याकाळी ते पुसायला तुमच्या घरातलंच कुणीतरी हात लावतं. तसंच हम घालवायला थ्री-पिनची मोठी पिन काढून टाकणं, हेही करू नका. नीट अर्थिंग करून घ्या, अॅम्प आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डवरून चालवा, आणि तरीही थोडं उरलं तर डॅकला यूएसबीऐवजी ऑप्टिकलने जोडा. मदरबोर्डच्या मागे लाल दिवा दिसणारं चौकोनी भोक असेल तर ती ऑप्टिकल केबलची जागा, त्या केबलमधून फक्त प्रकाश जातो, तांब्याची तार नाहीच, त्यामुळे ग्राउंडचा संबंधच सुटतो. 24 बिट 96 किलोहर्ट्झ दर्जाचं रेकॉर्डिंग आरामात जातं, कॅसेटवरून घेतलेल्या गाण्याला त्याहून जास्त लागत नाही. अर्थिंग झाल्यावर काळी एकमधली एखादी मैफल लावून पंचम कसा लागतो ते मला नक्की लिहा, मी वाट बघतोय.

प्रश्न (नाशिकहून) : माझा कॉम्प्युटर फक्त गाणी ऐकायला आहे, पंखा नाही, मीटरवर 20 ते 25 वॉट घेतो. पिको पीएसयू म्हणून छोटी पट्टी मिळते, ती 24 पिनच्या सॉकेटमध्येच बसते आणि 12 व्होल्ट डीसीवर चालते असं कळलं. त्याला बॅटरी लावली तर चालेल का, बॅटरी कुठली घेऊ, चार्जर कायम लावून ठेवला तर काय होईल?

उत्तर : हे चालेल, आणि ज्याला बॅटरीवर कॉम्प्युटर चालवायचाच आहे त्याच्यासाठी हाच सरळ रस्ता आहे, एसएमपीएस उघडायचा नाही, बाजूला काढून ठेवायचा. फक्त एक गोष्ट नीट समजून घ्या. यातल्या साध्या पट्ट्या 5 आणि 3.3 व्होल्ट स्वतः बनवतात पण 12 व्होल्ट जसेच्या तसे पुढे पाठवतात. म्हणजे बॅटरीत जे आहे तेच मदरबोर्डला मिळतं. एटीएक्सप्रमाणे 12 व्होल्ट 11.4 ते 12.6 मध्ये हवेत, आणि तुमची लेड अॅसिड बॅटरी भरल्याभरल्या 12.7 वर, चार्जर लागलेला असताना 13.8 वर, आणि ऐकता ऐकता उतरली की 11.5 च्या खाली. लिथियम आयर्न फॉस्फेटची चार सेलची बॅटरी घेतलीत तर ती चार्ज होताना 14.6 पर्यंत जाते. म्हणून साधी पट्टी घेऊच नका, 6 ते 30 व्होल्टपर्यंत काहीही खाणारी वाइड इनपुटवाली घ्या, ती 12 व्होल्टही स्वतः सांभाळून देते. थोडी महाग पडेल, पण मदरबोर्डपेक्षा स्वस्तच.

किती वेळ चालेल? 7 एएचची बॅटरी कागदावर 84 वॉट-तास, पण लेड अॅसिड अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झरझर कमी होतं, तेव्हा 25 वॉटला दीड ते पावणेदोन तास धरा, एक मैफल होते. रोज तीन-चार तास ऐकत असाल तर 18 किंवा 26 एएच घ्या. घरातल्या इन्व्हर्टरची 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी वापरू का असंही बरेच जण विचारतात, तर इन्व्हर्टर तिला जोडलेला असताना तिच्यावरून वायर काढू नका, इन्व्हर्टरचा चार्जर आणि त्याचा सगळा गोंगाट त्या वायरीतून थेट तुमच्या बोर्डवर येईल, ज्यापासून पळायचं होतं तेच घरात घेतल्यासारखं.

चार्जरचं म्हणाल तर, तो लावलेला असेपर्यंत तुम्ही बॅटरीवर नाही, भिंतीवरच आहात, बॅटरी फक्त मध्ये मोठ्या कपॅसिटरसारखी बसलेली असते. ऐकताना तो तोडायचा आणि दोन्ही वायरी तोडायच्या, नुसती प्लस तोडलीत तर मायनसमधून ग्राउंडची वाट तशीच उघडी राहते. दोन पोलचा स्विच किंवा रिले लावा. मी घरी हाताने प्लग काढतो, गाणं ऐकायला बसण्याआधी दिवा लावल्यासारखी सवय झाली आहे.

आणि फ्युज. बॅटरीच्या प्लस टोकापासून चार बोटांवर, तुमच्या 25 वॉटला 5 अँपचा पुरे. एकदा माझ्या हातून 7 एएचच्याच बॅटरीच्या दोन टोकांवर पान्हा आडवा पडला, निळी ठिणगी उडाली आणि उचलला तेव्हा स्टीलला तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडलेली होती. एवढीशी बॅटरी, पण शॉर्ट झाली की शंभरहून जास्त अँप सोडू शकते. वायरचं प्लॅस्टिक पेटायला तेवढं पुष्कळ झालं. बॅटरी बंद कपाटात ठेवू नका, चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, सीलबंद असली तरी जास्त चार्ज झाली तर सुटतोच.

आवाजात फरक पडेल का हेही विचारलंय असं धरतो. पडेल, पण तो डॅककडे जाणारी जमिनीची वाट तुटल्यामुळे. पट्टीवर आणि बोर्डवर स्विचिंग चालूच राहणार. तुमच्या घरचं अर्थिंग उत्तम असेल आणि आत्ता हम येतच नसेल तर मी हा खर्च करायला सांगणार नाही, ते पैसे स्पीकरमध्ये घाला.

प्रश्न (म्हापशाहून) : देवळातल्या भजनाचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर करतो, पेटी आणि पखवाज दोन माइकवर. लॅपटॉपला चार्जर लावला की भुंग्यासारखा आवाज येतो, काढला की गप्प. चार्जर बदलू का?

उत्तर : तुम्हाला उत्तर सापडलेलंच आहे, रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर काढा. लॅपटॉपमध्ये बॅटरी आधीपासूनच आहे, वेगळं मॉडिफिकेशन काही लागत नाही. भजन चार तासांचं असेल आणि बॅटरी दोनच तास टिकत असेल तर आरतीच्या आधी, नैवेद्याच्या वेळी, जिथे रेकॉर्डिंग थांबतं तिथे चार्ज करून घ्या. दोन पिनचा चार्जर असेल तर तीन पिनचा, त्याच कंपनीचा आणि तेवढ्याच व्होल्टचा लावून बघा, पण देवळातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते आधी बघून घ्या, नाहीतर तिसरी पिन असून नसल्यासारखी. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शनवर घ्या, डेकोरेशनच्या एलईडी माळा मात्र दुसऱ्या सॉकेटवर, त्यांचे छोटे सप्लाय फार घाण करतात. बॅटरी जुनी होऊन अर्ध्या तासात बसत असेल तर नवीन बॅटरी टाकायला हरकत नाही, तो खर्च सत्कारणी लागेल.

प्रश्न (नागपूरहून) : तुम्ही मागे लिहिलं होतं की अख्ख्या कॉम्प्युटरपेक्षा डॅकलाच बॅटरी द्यावी. म्हणून यूएसबीची 5 व्होल्टची वायर तोडून डॅकला पॉवर बँक लावली. आवाज थोडा बदलला पण शांत ठिकाणी बारीक शिट्टी ऐकू येते, आणि हेडफोन काढून थोडा वेळ गेला की पॉवर बँक आपोआप बंद पडते. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही, पॉवर बँक हे बॅटरीचं सोंग आहे एवढंच. आत सेल असतो 3.7 व्होल्टचा, त्याचे 5 करायला बूस्ट कन्व्हर्टर असतो, म्हणजे पुन्हा स्विचिंगच, आणि तेही मोबाइल चार्ज करायच्या हिशोबाने बनवलेलं, आवाजाच्या नाही. लोड कमी असला की अनेक पॉवर बँकांचे कन्व्हर्टर थांबत थांबत काम करतात, त्या ठोक्यांची गती कानाला ऐकू येईल एवढी खाली येते, ती तुमची शिट्टी. आणि डॅक फारच थोडा करंट घेतोय असं दिसलं की पॉवर बँकेला वाटतं मोबाइल काढला, ती झोपते.

त्यापेक्षा लिथियम आयर्न फॉस्फेटचे दोन सेल सिरीजमध्ये घ्या, 6.4 व्होल्ट होतात, भरलेले असताना 7.2, आणि पुढे कमी नॉइजचा लिनिअर रेग्युलेटर लावून 5 व्होल्ट काढा. एलटी 3045 नावाची चिप आहे, तिचा नॉइज 0.8 मायक्रोव्होल्ट आणि 500 मिलीअँपपर्यंत देते, तयार बोर्डवर बसवलेली मिळते, स्वतः सोल्डर करायला जाऊ नका, फार बारीक पाय असतात. तुमचा डॅक 300 मिलीअँप घेत असेल तर रेग्युलेटरवर अर्धा-पाऊण वॉट गरम होतो, छोटं हीटसिंक किंवा बोर्डचं तांबं पुरतं. बॅलन्सिंगवालं प्रोटेक्शन सर्किट आणि फ्युज हवाच, आणि चार्ज फॉस्फेटच्याच चार्जरने करा. साध्या लिथियम-आयन 18650 सेलचा चार्जर सेलला 4.2 व्होल्टपर्यंत नेतो, या सेलला 3.65 च्या वर न्यायचं नसतं.

आता जे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल ते. तुम्ही 5 व्होल्टची वायर तोडली, पण यूएसबीची काळी वायर तशीच आहे, असायलाच हवी, तिच्याशिवाय डेटा चालत नाही. म्हणजे कॉम्प्युटरचं ग्राउंड आणि डॅकचं ग्राउंड अजून हातात हात घालून उभं आहे, आणि वर मिरजेच्या वाचकांना सांगितलेला गळतीचा करंट याच वायरने येतो. डॅकची बॅटरी कितीही चांगली केलीत तरी तो येतच राहणार. तो तोडायचा तर यूएसबी आयसोलेटर, म्हणजे डेटा जाऊ देऊन ग्राउंड तोडणारा डबा, मध्ये घालावा लागतो. स्वस्तातले आयसोलेटर 12 मेगाबिट वेगाचे असतात, त्यावर डॅक 24 बिट 96 किलोहर्ट्झपर्यंत चालतो आणि काही डॅक तर हाय स्पीडशिवाय ओळखतच नाहीत, तेव्हा घेण्याआधी दुकानदाराला परत करण्याचं विचारून ठेवा. आयसोलेटर घातला की त्याच्या पुढच्या बाजूला 5 व्होल्ट लागतात, ते तुमच्या सेलवरून द्या. काही डॅक कॉम्प्युटरकडून येणारे 5 व्होल्ट दिसल्याशिवाय जागेच होत नाहीत, तुमचा तसा असेल तर हेच 5 व्होल्ट त्याच्या त्या पिनवरही द्यावे लागतील. दोन्ही सेल नवीन, एकाच लॉटचे घ्या, जोडण्याआधी दोन्हीचा व्होल्टेज मोजा, आणि 0.05 पेक्षा जास्त फरक दिसला तर आधी वेगवेगळे पूर्ण चार्ज करून मगच सिरीजमध्ये लावा.